डाव, पेच आणि औंढ्याचा वाद

१/ वादात आपण समोरच्याला ‘पेचात’ पकडतो, ‘चीत’ करतो, कधी आपलाच डाव आपल्यावर उलटतो. मराठीतील वादाची बरीचशी भाषा आखाड्यातली आहे.

२/ हे नाते जुने आहे. मराठवाड्यावर कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य असताना तिसऱ्या सोमेश्वराने इ.स. ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाच्या वीस विनोदांत (म्हणजे करमणुकींत!) त्याने विद्वानांचा शास्त्रविनोद आणि पैलवानांचा मल्लविनोद एकाच प्रकरणात बसवले.

३/ वादाचे नियम त्याहून कितीतरी प्राचीन. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार येतात. सत्यशोधनासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची पाडण्यासाठी वितंडा. हरण्याच्या जागाही मोजलेल्या आहेत: २२ निग्रहस्थाने. त्यांतले पहिले ‘प्रतिज्ञाहानी’, म्हणजे आपल्याच तोंडाने आपला सिद्धान्त गमावणे.

४/ आता हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथला येऊ. परंपरेनुसार जवळच्याच नर्सीत जन्मलेले नामदेव (१२७०–१३५०) संतमेळ्यात गोरोबाकाकांच्या परीक्षेत ‘कच्चे मडके’ ठरले आणि गुरूच्या शोधात औंढ्यास आले. तेथे विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून पहुडलेले! नामदेव संतापले.

५/ विसोबांनी ना क्षमा मागितली, ना प्रतिवाद केला. म्हणाले, मी थकलो आहे. जेथे देव नाही तेथे तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय हलवले. जेथे ठेवावेत तेथे लिंग प्रकटे.

६/ हा डाव नीट पाहावा. ‘देव या जागी आहे, म्हणून पाय येथे नकोत’ ही नामदेवांची प्रतिज्ञा. तिच्यात ‘इतरत्र देव नाही’ हे गृहीत दडलेले होते. विसोबांनी ते खोडले नाही. ते खरे करून दाखवण्याचे काम नामदेवांच्याच हाती सोपवले. प्रतिज्ञाहानी झाली ती स्वतःच्या हातांनी. रूप वितंडेचे, हेतू मात्र वादाचा. असे मिश्रण न्यायसूत्रांच्या चौकटीत सहज बसत नाही, आणि मला त्याचेच आकर्षण वाटते.

७/ कसलेला मल्लही हेच करतो. अंगावर येणारा जोर अडवत न बसता त्याला वाट देतो आणि तोल गेला की पकड घेतो. मुष्टियुद्धातले गाजलेले उदाहरण १९७४च्या किन्शासाचे. मुहम्मद अली दोरांना रेलून जॉर्ज फोरमनचे ठोसे झेलत राहिला आणि दमलेल्या फोरमनला त्याने आठव्या फेरीत लोळवले.

८/ फरक एकच, पण मोठा. फोरमनने लढत गमावली. नामदेवांना गुरू मिळाला.

९/ या कथेकडे चमत्कार म्हणून पाहावे की रूपक म्हणून, हा वेगळा विषय. महिपतींचा ‘भक्तविजय’ १७६२चा, म्हणजे घटनेनंतर चार शतकांहून अधिक काळाने लिहिलेला. मात्र ती कोणाची आहे हे विसरू नये. नामदेव शिंपी. संस्कृत शास्त्रार्थाच्या सभेत त्यांना आसन कोण देणार होते? या वादात ग्रंथाधार लागत नाही, सभापती लागत नाही. दोन माणसे आणि एक सोपा प्रश्न एवढ्यात निकाल लागतो.

१०/ गुरू नानकांच्या जनमसाखींत मक्केला घडलेला असाच पायांचा प्रसंग आहे. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे लक्षात घेतले की दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात.

११/ औंढ्याचीच दुसरी आख्यायिका. कीर्तनाला उभ्या राहिलेल्या नामदेवांना देवळासमोरून हटवण्यात आले. ते हुज्जत न घालता मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, असे सांगतात. तेथे गेलात तर नंदी शोधा. तो समोर नाही, देवळाच्या पाठीमागे आहे. गावकरी तो याच कथेचा पुरावा म्हणून दाखवतात.