आंतरजालाधारित शोधाध्ययन

आंतरजालाधारित शोधाध्ययन : आंतरजालावरील माहितीच्या आधारे एखाद्या प्रश्नाचा शोध घेऊन विद्यार्थ्यांनी स्वतःचा निष्कर्ष मांडावा, यासाठी योजलेली अध्ययन-अध्यापन पद्धती. प्राथमिक शाळेच्या वरच्या व उच्च प्राथमिक इयत्तांत, म्हणजे साधारणपणे नऊ ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी, ती प्रामुख्याने वापरली जाते. हिच्यात माहिती मिळविणे हे साध्य नसून साधन असते. मिळालेली माहिती पारखणे, तिची तुलना करणे व तिच्यावरून निर्णय घेणे हे साध्य होय.

पूर्वपीठिका : या पद्धतीची मुळे संगणकाहून जुनी आहेत. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रायोगिक शाळा सुरू केली. खऱ्या विचाराचा प्रारंभ जाणवलेल्या अडचणीतून होतो, हे तत्त्व त्यांनी हाउ वुई थिंक (१९१०) या ग्रंथात विशद केले. त्यांचे अनुयायी विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्पपद्धतीची मांडणी केली, तर १९६१ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी शोधातून होणाऱ्या अध्ययनाचे महत्त्व प्रतिपादिले. तथापि या सर्व प्रयत्नांना एक व्यावहारिक मर्यादा होती. मुलांचा शोध शाळेचे ग्रंथालय व भोवतालचा परिसर यांच्या पलीकडे क्वचितच जाऊ शके.

ही मर्यादा ओलांडण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील ‘किड्स नेटवर्क’ या उपक्रमाने केला. त्यात निरनिराळ्या ठिकाणची शाळकरी मुले आपल्या गावातील पावसाच्या पाण्याची आम्लता मोजून ती आकडेवारी दूरसंदेशवहनाद्वारे परस्परांना कळवीत. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये प्रस्तावित केलेले विश्वव्यापी जाल आणि १९९३ मध्ये आलेला ‘मोझॅइक’ हा सचित्र न्याहाळक यांमुळे असे दळणवळण सामान्य शिक्षकाच्याही आवाक्यात आले. १९९४ मध्ये घोषित होऊन १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्लोब’ या कार्यक्रमाने अनेक देशांतील विद्यार्थ्यांना पर्यावरणविषयक निरीक्षणांच्या देवघेवीत सहभागी करून घेतले.

वेबक्वेस्ट : या पद्धतीला निश्चित आकार दिला तो कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक बर्नी डॉज यांनी. १९९५ च्या प्रारंभी भावी शिक्षकांच्या एका वर्गाला त्यांना पुरातत्त्वीय उत्खननाच्या एका संगणकीय प्रतिरूपाची ओळख करून द्यावयाची होती. परंतु ते प्रतिरूप त्यांच्यापाशी नव्हते. म्हणून त्यांनी त्याविषयीची विविध साधने विद्यार्थ्यांच्या गटांपुढे ठेवली व ते शाळेत वापरावे की नाही, याचा निर्णय त्यांच्यावर सोपविला. स्वतः फारसे न बोलताही वर्ग विचारप्रवृत्त होतो, हा अनुभव त्यांना आला. त्यातूनच त्यांनी टॉम मार्च यांच्या साहाय्याने ‘वेबक्वेस्ट’चा आराखडा सिद्ध केला.

या आराखड्यात प्रस्तावना, कार्य, कार्यपद्धती, मूल्यमापन व समारोप असे टप्पे असतात. विद्यार्थी गटाने काम करतात व बहुधा प्रत्येकाकडे एक भूमिका असते. उपयुक्त संकेतस्थळांची निवड शिक्षक आधीच करून ठेवतो, त्यामुळे मुलांचा वेळ शोधाशोधीत न जाता विचारात जातो. एक ते तीन तासिकांचा अल्पकालीन आणि आठवडा ते महिनाभर चालणारा दीर्घकालीन असे त्याचे दोन प्रकार डॉज यांनी कल्पिले. पुढे त्यांनी कार्यांचे बारा प्रकारांत वर्गीकरण केले. पुनर्कथन, संकलन, रहस्यभेद, मतैक्यसाधन, विश्लेषण इ. त्यांपैकी होत.

कार्याची निवड हा या पद्धतीचा कणा होय. ‘धरणांची माहिती लिहा’ असे सांगितल्यास मुले मजकूर उतरवून काढतात. याउलट ‘या खोऱ्यात धरण बांधावे काय?’ असा प्रश्न देऊन शेतकरी, अभियंता, विस्थापित व वनस्पतिशास्त्रज्ञ या भूमिका वाटून दिल्या, तर तीच माहिती त्यांना तोलावी लागते. पहिल्या कार्याचे उत्तर जालावर तयार असते, दुसऱ्याचे नसते.

मार्गदर्शन व स्वातंत्र्य : मुलांना किती मोकळे सोडावे, हा या क्षेत्रातील मूलभूत वाद होय. सुगत मित्र यांनी १९९९ मध्ये दिल्लीतील कालकाजी येथे भिंतीत बसविलेला संगणक वस्तीतील मुलांना खुला करून दिला. मुले शिक्षकावाचून, परस्परांच्या मदतीने संगणक हाताळण्यास शिकतात, असे त्यांनी दाखविले. हा प्रयोग पुढे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील शिरगाव येथेही झाला. २०१३ मध्ये मित्र यांना ‘टेड’ पारितोषिक मिळाले व त्यानंतर उभारलेल्या स्वयंसंघटित अध्ययन केंद्रांपैकी एक सातारा जिल्ह्यातील फलटण येथे होते. शिक्षकाच्या व देखभालीच्या अभावी असे प्रयोग टिकत नाहीत, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला.

या वादाला तात्त्विक बाजूही आहे. नवशिक्या विद्यार्थ्याच्या स्मरणशक्तीवर मार्गदर्शनाविना भार पडतो व अध्ययन खुंटते, असे किर्शनर, स्वेलर व क्लार्क यांनी २००६ मध्ये प्रतिपादिले. त्याला २००७ मध्ये मिळालेले उत्तर असे, की सुनियोजित शोधाध्ययन मार्गदर्शनरहित नसतेच. त्याच सुमारास कनेक्टिकट विद्यापीठातील डॉनल्ड लू व त्यांचे सहकारी यांनी झाडावर राहणाऱ्या एका काल्पनिक अष्टपादाविषयीचे बनावट संकेतस्थळ सातवीच्या मुलांना दाखविले. जालवाचनात तरबेज असलेल्यांपैकीही बहुतेकांनी ते विश्वसनीय मानले. यंत्र सफाईने हाताळता येणे आणि माहिती पारखता येणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

मर्यादा व सद्यःस्थिती : संकेतस्थळे लुप्त झाल्याने तयार पाठ निरुपयोगी होणे, ही या पद्धतीची जुनी अडचण आहे. मराठी माध्यमाच्या मुलांपुढील अडचण अधिक गंभीर आहे. कारण शोध ज्या भाषेत घ्यावयाचा, त्या भाषेत परस्परविरोधी व वयानुरूप साधने असल्याखेरीज तुलना संभवत नाही. मराठी विकिपीडिया (२००३), महाजालावरील मराठी विश्वकोश व किशोर मासिकाचे (स्थापना १९७१) अंक यांमुळे ही उणीव काही अंशी भरून निघाली. पण दहा वर्षांच्या मुलाला पेलेल अशा मराठीतील ज्ञानसाहित्याची गरज कायम आहे.

नोव्हेंबर २०२२ पासून संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वसामान्यांना उपलब्ध झाली. ती केवळ माहितीच नव्हे, तर निष्कर्षही तयार स्वरूपात देतात. अशा स्थितीत उत्तर शोधण्याचे कौशल्य गौण ठरून उत्तरावर शंका घेण्याचे कौशल्य प्रधान ठरते. १९९५ मधील त्या वर्गात साधने अपुरी होती व प्रश्न मात्र खरा होता. आज साधने विपुल आहेत, म्हणून खरा प्रश्न योजण्याची शिक्षकाची जबाबदारी वाढली आहे.