कागदावर डकवलेले मासे

आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मासा म्हणजे फॉर्मलिनच्या बरणीतला, रंग उडालेला ऐवज. परांचे काटे आणि खवल्यांच्या रांगा मोजून तो ओळखायचा, आणि मुलांकडूनही मी तेच करून घेतलं. निवृत्तीनंतर मालवणला स्नॉर्केलिंगचा मुखवटा चढवला, तेव्हा कळलं की पाण्यात काटे मोजू देतोय कोण! तिथे भिस्त पट्ट्यांवर. फिक्या अंगावर पाच उभे काळे पट्टे आणि पाठीवर पिवळसर झाक असली, की तो ‘सार्जंट मेजर’. शेपटीच्या दोन्ही पाळ्यांवर काळी रेघ दिसली, तर त्याचा भाऊबंद सेक्सफॅशिएटस. शेपटीच्या बुडाशी वर काळा डाग असेल, तर सॉर्डिडस.

हा सॉर्डिडस शास्त्रात आणला पेहर फोर्स्कोलने. लिनियसचा हा शिष्य डेन्मार्कच्या राजाने १७६१मध्ये अरबस्तानात धाडलेल्या मोहिमेत होता. तांबड्या समुद्राकाठच्या कोळ्यांना तो माशांची नावं विचारी आणि टिपून घेई. माशाच्या एका कुशीचं कातडं परांसकट सोलून तो कागदावर डकवी, वनस्पतीसारखं दाबून सुकवी. बरण्या वाहण्यापेक्षा हे बरंच शहाणपणाचं, असं बरण्या उचललेला मी म्हणेन. कोपनहेगनच्या संग्रहालयात त्यातले कागद अजून आहेत.

१७६३च्या जुलैत येमेनमधल्या यरीम गावी हिवतापाने तो गेला. वय अवघं ३१. उरलेले मुंबईच्या जहाजावर चढले. चित्रकार वाटेतच वारला, डॉक्टर मुंबईत. एकटा उरला मोजणीदार कार्स्टन नीबूर. वर्षभराहून अधिक काळ तो मुंबईत राहिला, घारापुरीची लेणी मोजून त्यांची चित्रं काढली, आणि मग बहुतांशी खुष्कीच्या मार्गाने १७६७मध्ये परतला. मित्राची टिपणं त्याने १७७५मध्ये छापून काढली. मासे हा त्याचा विषयच नव्हे! तरी या साऱ्या पट्टेरी भाऊबंदांच्या प्रजातीचं ‘अबुडेफडुफ’ हे नाव त्याच पुस्तकातून आलं.

पाच पट्ट्यांवाल्याच्या नावाचा घोळ मात्र पुढे चालूच राहिला. अटलांटिकमधल्या माशाला लिनियसने १७५८मध्ये सॅक्साटिलिस म्हटलं होतं. आपल्या महासागरातल्याला १८२५मध्ये न्यू गिनीजवळच्या वैगेओ बेटावरून वैगियेन्सिस हे नाव मिळालं, तरी कित्येक याद्यांत तो सॅक्साटिलिस म्हणूनच नांदला. बरणीत दोघे सारखेच दिसतात. पाण्यातही एक फसगत आहेच: अंडी राखणारा नर निळसर पडतो, आणि नवखे त्याला निराळीच जात समजतात.