पुडी, पोरगा आणि शंभर यार्ड

कोल्हापूरहून कागलमार्गे निपाणीकडे जाणारा महामार्ग उचगावजवळून जातो. निपाणी ही तंबाखूची जुनी पेठ. 1981 साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी तिथे हाच रस्ता अडवून धरला होता. या पट्ट्यात तंबाखू हा घरातला, ओळखीचा पदार्थ. ‘जा, दुकानातनं पुडी आण’ असे मोठ्यांनी पोराला सांगावे आणि दुकानदाराने ती द्यावी, यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

मुलांना तंबाखू विकू नये, हा विचार मात्र जुना आहे. इंग्लंडात 1908 च्या कायद्याने 16 वर्षांखालील मुलांना सिगारेट विकणे गुन्हा ठरला. रस्त्यात ओढणाऱ्या मुलाच्या हातची सिगारेट पोलिसाने काढून घ्यावी, अशीही तरतूद त्यात होती. पाठोपाठ पंजाबात 1918 मध्ये व बंगालात 1919 मध्ये असे कायदे झाले. सबंध भारताचा कायदा आला तो 2003 साली. त्यात वयाची अट 18 झाली. गिऱ्हाईक अज्ञान नाही हे सिद्ध करण्याचा भार नियमांनी विक्रेत्यावर टाकला. 2011 पासून अज्ञान मुलाने तंबाखू विकण्यासही बंदी आहे. बापाच्या टपरीवर शाळा सुटल्यावर बसणारा मुलगाही त्यात आला.

दुकानदाराला हे शिकवायचे कसे? अमेरिकेतील वुडरिज गावात नुसत्या माहितीने भागले नाही. 1989 मध्ये परवाना, मुलांकरवी अचानक तपासणी आणि दंड सुरू झाले, तेव्हा मुलांना माल देणाऱ्या दुकानांचे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांवरून दोनेक वर्षांत 5 टक्क्यांखाली आले. आपल्याकडे 2003 च्या कायद्यात दंड 200 रुपयांपर्यंत, तर 2015 च्या बाल न्याय कायद्यात सक्तमजुरी 7 वर्षांपर्यंत! आमच्या मते या दोन टोकांच्या मधली नियमित तपासणीच उपयोगाची.

तिकडे नोकराला ओळखपत्र पाहायला शिकवतात. गावातल्या दुकानदाराला त्याची फारशी गरज नाही. पोरगा कोणाचा, कितवीत आहे, हे त्याला पाठ असते. अवघड आहे ते ओळखीच्या घरच्या पोराला ‘आबांनाच पाठव’ म्हणून परत धाडणे. त्याचाच सराव हवा. महामार्गावरच्या टपरीची गोष्ट निराळी. तिथले गिऱ्हाईक परके, म्हणून वय विचारलेच पाहिजे.

शाळेपासून 100 यार्डांच्या आत तर कोणालाच विक्री करता येत नाही. हे अंतर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत मोजायचे असते, फाटकापासून रस्त्याने नव्हे. 100 यार्ड म्हणजे सुमारे 91 मीटर. भूमितीच्या तासाला टेप घेऊन सातवीची मुले हे सहज मोजतील.