पायताण, अनवाणी आणि उशीचे बूट

देपालपूर ते इंदूर हा रस्ता चाळीसेक किलोमीटरचा. मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. तेव्हा मॅरेथॉन म्हणजे नेमके किती धावायचे, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी एवढेच डोळ्यांपुढे आणावे, की देपालपूरच्या स्टँडवर बस चुकली म्हणून एखादा माणूस इंदूरपर्यंत पळत सुटला आणि पोचल्यावरही त्याला आणखी थोडे धावायचे राहिले. या रस्त्यावर पहाटे धावणारी मुले पूर्वीही होती. सैन्याच्या आणि पोलिसांच्या भरतीची तयारी करणारी, बहुतेक शेतकऱ्यांच्या घरची. आता त्यांच्या जोडीला हौसेने लांब धावणारे लोकही दिसू लागले आहेत, आणि त्यांच्या पायांत जाड, फुगीर तळाचे बूट असतात. टाचेखाली जणू उशीच बांधली आहे, असे ते दिसतात.

या बुटांवरून धावणाऱ्यांमध्ये वाद आहे, आणि तो पाकसिद्धीवरच्या वादाइतका हट्टाने घातला जातो. एक पक्ष म्हणतो, पंचविसाव्या किलोमीटरनंतर पायाला जो मार बसतो तो या मऊ तळाने निम्मा होतो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता येतो. दुसरा म्हणतो, जमीन कळत नाही, घोटा डगमगतो, पायाचे स्नायू आळशी होतात. आपले पूर्वज काय उशा बांधून धावले?

या शेवटच्या प्रश्नासाठी हा लेख. पूर्वज कसे धावले हे थोडेफार सांगता येते. त्यांना विचारून ते धावले का, हा खरा मुद्दा आहे.

माळवा हा पुणे आणि दिल्ली यांच्या वाटेवरचा मुलूख. देपालपूरचा परिसर होळकरांच्या अमलाखालचा. जवळचे गौतमपुरा हे गाव तर मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाचे. (दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे हिंगोटाची लढाई होते आणि तिच्यातल्या दोन पक्षांना तुर्रा आणि कलगी म्हणतात, हे ऐकून आपल्याकडच्या शाहिरीच्या जाणकारांनी कान टवकारावेत, पण तो विषय वेगळा.) या वाटेने फौजा गेल्या तशा चिठ्ठ्याही गेल्या, आणि त्या माणसांच्या पायांवर गेल्या. मराठी कागदपत्रांत या माणसांना जासूद, हरकारा, कासीद अशी नावे आहेत. जासूद बहुधा दोघे मिळून जात, म्हणून ‘जासूद जोडी’. अजुरा म्हणजे मजुरी. ती ठरवून एखाद्या कामगिरीपुरते नेमलेले ते अजुरदार. पळणे हा त्यांचा छंद नव्हता, पोट होते.

यांच्यातला सर्वांत प्रसिद्ध धावणारा निनावीच राहिला. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात लिहिले आहे, की नानासाहेब पेशवे फौजेसह नर्मदा उतरत असताना सावकारांचा एक कासीद त्यांच्या फौजेजवळून चालला होता. पानिपतावरून निघून नऊ दिवसांत औरंगाबादेला पोचायचे, असा त्याचा करार होता. पेशवे त्या वेळी भेलशाला होते, असे पुढच्या इतिहासकारांनी मांडले, तेही माळव्यातच. त्या कासीदाजवळचे पत्र फोडले गेले आणि मोत्ये, मोहरा, खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेतली ती बातमी पेशव्यांना कळली. पानिपत ते औरंगाबाद हे अंतर हजार किलोमीटरांहून अधिक आहे. नऊ दिवसांत म्हणजे रोजचे सव्वाशे किलोमीटर. एवढे एकाच माणसाने पायी कापले असे मानायचे कारण नाही. टप्प्याटप्प्यावर हात बदलत असणार, कुठे सांडणी असणार. तरीही त्यातला मोठा भाग माणसाच्या तळव्यांनीच पार केला. पत्रातला प्रत्येक शब्द इतिहासाने जपला. पत्र आणणाऱ्याच्या पायांत काय होते, हे डफने लिहिले नाही आणि त्याला कोणी विचारलेही नसेल.

पायांत घालण्याजोगे मात्र होते. आमच्याकडे माळवी बोलीत पगरखी, तुमच्याकडे पायताण, वहाण. कोल्हापुरी पायताण बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याचे, तळाला चामड्याचे थर एकावर एक शिवलेले. २०१९ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार जिल्हे एकाच यादीत आले: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमेवरच्या वाचकांना या यादीचे मर्म वेगळे सांगायला नको. पण हे पायताण धावण्यासाठी नव्हेच. नवे असताना ते चावते, तेल पाजून त्याला मऊ करावे लागते, आणि टाच मोकळी असल्याने पळताना ते फटफट मागे राहते. घाईची वाट आली की माणूस पायताण काढून हातात घेई, हे आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिलेले आहे.

पायताण हातात घेण्याचे दुसरेही एक कारण होते आणि ते विसरून चालणार नाही. वाड्यासमोरून, देवळासमोरून, वरच्या म्हणवणाऱ्या जातीच्या माणसासमोरून जाताना ते काढावे लागे. ज्याने चामडे कमावले आणि जोडा शिवला, त्यालाच तो घालून गावातून ताठ चालता येत नसे. तेव्हा ‘आपले लोक अनवाणी धावत’ हे वाक्य अभिमानाने उच्चारण्यापूर्वी थोडे थांबावे. पंढरीच्या वाटेवर कोणी नवस म्हणून अनवाणी चालतो, ती त्याची निवड. ज्याच्याजवळ जोडा नाही किंवा असून घालायची मुभा नाही, त्याचे अनवाणी असणे वेगळे. दोघांच्या टाचांना सारख्याच भेगा पडतात, म्हणून गोष्ट एक होत नाही.

आता पुण्याला येऊ. डेक्कन जिमखाना १९०६ चा. १९१९ मध्ये दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष झाले आणि तिथल्या शर्यती त्यांनी पाहिल्या. दहा वर्षांनी, १९२९ मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या शर्यतींचे वर्णन केले आहे. धावणारी मुले शेतकरी वर्गातली, खाणे साधे, शास्त्रशुद्ध सराव म्हणजे काय ते ठाऊक नाही, शर्यतीचे युरोपीय नियम माहीत नाहीत. पण अनवाणी धावून त्यांनी दिलेल्या वेळा परदेशी वेळांशी बरोबरी करू पाहणाऱ्या. दोराबजींनी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांना मध्यस्थीला घेतले, पैसा उभा केला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला सहा खेळाडूंचे पथक गेले. त्यात एक होते बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले.

चौगुल्यांचे नाव बेळगावात अजून निघते, पण जितके निघावे तितके नाही. नावच पाहा: फडेप्पा हे कानडी, चौगुले हे मराठी मुलखातले जुने वतनी आडनाव. दोन भाषांच्या शिवेवरचा माणूस. त्या वर्षीची मॅरेथॉन ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब, ४२ किलोमीटर ७५० मीटरांची. दिवस पावसाळी, गारठ्याचा. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत पहिला आला. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे. म्हणजे जगातल्या पहिल्या माणसाच्या मागे अठरा मिनिटे. आमच्या भाषेत सांगायचे तर पहिला इंदूरच्या राजवाड्याशी पोचला तेव्हा चौगुले शहराच्या शिवेच्या आसपास असते. ज्या देशाने तोवर ऑलिंपिकला पथकच पाठवले नव्हते, त्याच्या पहिल्या मॅरेथॉनवीराची ही वेळ आहे.

दोराबजींचा हेतू उदार होता यात शंका नाही. त्यांच्या खिशावाचून हे पथक हलले नसते. पण त्यांच्या पत्रात आणि त्यानंतरच्या अनेक लेखांत एक सूर लागतो, की पाहा, ही खेड्यातली मुले जोड्यावाचून कशी पळतात! हे कौतुक करणाऱ्यांच्या पायांत मात्र चांगले विलायती बूट होते. त्या मुलांपैकी कोणी असेही म्हणाला असता, की साहेब, हौसेने नाही, एक जोड बूट मिळाले तर बघू. ते वाक्य पत्रात यायला जागा नव्हती.

अनवाणी धावण्याची कीर्ती पुढे जगभर पोचवली ती इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने. १९६० साली रोममध्ये दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरून तो अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकला. त्याचे छायाचित्र आजही अनवाणी पक्षाचा मुख्य पुरावा म्हणून पुढे केले जाते. त्याला दिलेले बूट पायाला नीट बसेनात, आणि सराव अनवाणी झालेलाच होता, एवढे त्यामागचे साधे कारण. चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला, पुन्हा जिंकला आणि तीन मिनिटांहून अधिक लवकर पोचला. हा दुसरा भाग सांगायला लोक विसरतात. आपल्याकडे सैन्यातल्या शिवनाथ सिंगांनी अनवाणी धावण्यात नाव कमावले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ते अकरावे आले आणि १९७८ मध्ये जालंधरला त्यांनी दिलेली २ तास १२ मिनिटांची वेळ कित्येक दशके राष्ट्रीय उच्चांक म्हणून टिकली.

एवढ्यात दुसऱ्या बाजूला बूट जाड होत होते. पुण्यात १९८३ पासून आणि मुंबईत २००४ पासून दरवर्षी मॅरेथॉन भरू लागली. कचेरीतून सुटून धावणारा एक नवा वर्ग तयार झाला. त्याची टाच शेतात घडलेली नव्हती. २००९ हे वर्ष मोठे गमतीचे. त्या वर्षी अमेरिकेत अनवाणी धावण्याचे गोडवे गाणारे ख्रिस्तोफर मॅक्डूगलचे पुस्तक निघाले, आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये दोघा धावपटूंनी होका ही कंपनी काढून कोणी पाहिले नव्हते इतक्या जाड तळाचे बूट बाजारात आणले. आधी लोक हसले, मग घेऊ लागले. नंतर इतर कंपन्यांनी हलका, उसळी देणारा फोम आणि आत कार्बनची पट्टी घातली, वेळा भराभर उतरल्या, आणि २०२० मध्ये जागतिक संघटनेला नियम करावा लागला की रस्त्यावरच्या शर्यतीत तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड चालणार नाही.

शास्त्रज्ञांचे काय म्हणणे? तेही धावपटूंसारखेच दुभंगलेले. २०१० मध्ये डॅनियल लीबरमन यांनी दाखवले, की अनवाणी वाढलेले लोक बहुधा चवड्यावर उतरतात, टाच आपटत नाहीत, आणि त्यामुळे पायाला बसणारा पहिला झटका टळतो. २०१८ मध्ये फिनलंडच्या संशोधकांना आढळले, की वेगाने धावताना जाड मऊ तळाच्या बुटांत झटका कमी नव्हे, उलट जास्त बसतो, कारण मऊ वाटते म्हणून माणूस पाय अधिक ताठ टाकतो. दोनच वर्षांनी लक्झेंबर्गमध्ये आठशेहून अधिक धावणाऱ्यांना, आपल्याला कुठला मिळाला ते न सांगता, कडक किंवा मऊ बूट दिले, तेव्हा कडक बूटवाल्यांना दुखापती जास्त झाल्या. त्यातही मऊ तळाचा फायदा हलक्या वजनाच्या लोकांना अधिक. जाड माणसाला उशी हवी, हा आपला समज तिथे टिकला नाही.

माझ्या मते या भांडणात जमिनीला कोणी विचारत नाही. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते आणि पावसाळ्यात पायाला अशी धरते, की दोन पावलांत बुटाचे वजन दुप्पट. त्या मातीतल्या बांधावरून धावणाऱ्याला जाड तळ म्हणजे घोटा मुरगळण्याची सोय. त्याच मुलाला डांबरी रस्त्यावर आणा, वीस किलोमीटर पळवा, किलोमीटरमागे हजाराच्या आसपास पावले, दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट भार. तिथे टाचेखालच्या दोन बोटे फोमची किंमत त्याला कळते. मातीत वाढलेला पाय आणि डांबराचा रस्ता ही जोडी आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हती. कासीद मातीवरून धावला. चौगुल्यांचा पायही बेळगावच्या तांबड्या मातीत तयार झाला.

आणि किंमत म्हणजे खरोखरीची किंमतही. चांगल्या उशीच्या बुटांना दहा-पंधरा हजार रुपये पडतात आणि सहा-सातशे किलोमीटरांत फोम दबून जातो. वरून बूट नवा दिसतो, आतला जीव गेलेला असतो. महिन्याला दोनशे किलोमीटर धावणाऱ्याने वर्षाला तीन-चार जोड घ्यायचे. देपालपूरकडच्या शेतकऱ्याच्या मुलाला हा हिशेब घरी सांगायची सोय नाही. म्हणून या मुलांचे मत विचारले तर ते मऊ-कडक या भाषेत येतच नाही. ती म्हणतात, सरावाला जुने कॅनव्हासचे, माती ओली असली तर तेही नको, आणि बरे बूट भरतीच्या दिवसासाठी खोक्यात. मग भरतीच्या दिवशी न रुळलेला नवा बूट चावतो, टाचेला फोड येतो, आणि ज्या मैलासाठी सहा महिने धावलो तो लंगडत संपतो. अनुभवी मुले नव्यांना सांगतात, निदान पंधरा दिवस आधी खोक्यातून काढ, रोज थोडा घाल, घरात घालून फिर, आई रागावली तरी.