चामड्याच्या जागी आलेली पूड

चांदूर बाजारच्या शिवारात धुऱ्याधुऱ्यावर बाभूळ उभी आहे. बागा मोटेच्या पाण्यावर होत्या, तेव्हा या झाडाची साल मोटेचं चामडं कमावायला लागायची. चुन्यात भिजवून केस काढलेलं कातडं पिशवीसारखं शिवायचं, आत कुटलेली साल नि पाणी भरून ते टांगायचं आणि खाली झिरपलेलं पाणी पुन्हा वरून ओतत राहायचं. सालीतलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला घट्ट धरून बसतं. मग ते कातडं सहजी कुजत नाही.

अर्कातलं टॅनिन मोजायची आज प्रयोगशाळेत असलेली एक पद्धत याच कामाच्या वंशातली आहे. तिची कुळकथा सांगताना पहिलं नाव कातडी कमावणाऱ्यांचं घ्यायला हवं. कोणत्या झाडाच्या सालीत जोर आहे, हे त्यांनी हातानं ओळखलं होतं. पुढच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या जोराला आकडा दिला.

असे आकडे देणाऱ्यांत इंग्लंडचा हम्फ्री डेव्ही अग्रणी. 1803 साली त्यानं तुरट वनस्पतींवरचा आपला निबंध छापला. माशापासून काढलेल्या जिलेटिनचं पाणी अर्कात घालायचं, खाली बसलेला साका तोलायचा आणि त्यावरून टॅनिन काढायचं, ही त्याची रीत. त्याच्या मेजावर आपल्याकडचा कातही होता. मुंबईहून आलेल्या 200 ग्रेन कातात त्याला 109 ग्रेन टॅनिन मिळालं, बंगालच्या कातात 97. पुढे चर्मोद्योगाच्या प्रयोगशाळांनी जिलेटिनऐवजी थेट कातड्याची पूड घेतली. अर्कातलं जे पुडीला चिकटेल ते टॅनिन, उरेल ते इतर. व्याख्या चोख होती, पण पूड जनावराच्या कातड्याची. एक घाणा दुसऱ्यासारखा निघेलच याची खात्री नसे.

दुसरी वाट रंगाची. 1927 मध्ये ओटो फोलिन आणि व्हिंतिला चिओकाल्टेउ यांनी प्रथिनांच्या तपासणीसाठी एक अभिक्रियाकारक सुधारून घेतला; फिनॉल भेटलं की तो निळा पडतो. 1965 मध्ये कॅलिफोर्नियात सिंगलटन आणि रॉसी यांनी तो वाइनमधल्या फिनॉलसाठी बसवला. निळाई मोजायला सोपी, पण तिला टॅनिन आणि साधं फिनॉल यांतला फरक कळत नाही. क जीवनसत्त्वानंही ती चढते. मेळघाटातल्या आवळ्याचा अर्क असा तपासला, तर आकडा फुगलेला येणार.

हा पेच सुटला तो अगदी वेगळ्या कामासाठी जन्मलेल्या पदार्थामुळे. जर्मनीत वॉल्टर रेपे अ‍ॅसिटिलीनपासून नवे पदार्थ बनवत होता. त्यातल्या पॉलिव्हायनिलपायरोलिडोन या बहुवारिकाचं पेटंट 1939 चं. महायुद्धात जखमींना रक्तद्रवाऐवजी त्याचं द्रावण दिलं गेलं. आयोडिनशी त्याची जोडी जमली, तीच आज घरोघरच्या बीटाडीनमध्ये आहे. याच बहुवारिकाच्या साखळ्या एकमेकींत अडकवल्या की पाण्यात न विरघळणारी पांढरी पूड मिळते: पीव्हीपीपी.

ही पूड टॅनिनला का धरते, हे मला या कथेतलं सर्वांत सुंदर स्थळ वाटतं. कातड्यातल्या कोलॅजेनमध्ये प्रोलीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. टॅनिनला चिकटणाऱ्या आपल्या लाळेतल्या प्रथिनांतही तेच; कच्चं बोर खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते ती यामुळेच. आणि पायरोलिडोनचं पाच अणूंचं कडं प्रोलीनच्या कड्याशी मिळतंजुळतं आहे. रेपेच्या मनात चामडं नव्हतं, तरी त्याच्या हातून टॅनिनपुरतं कातडंच तयार झालं, आणि तेही घाण्यागणिक न बदलणारं. 1966 मध्ये लूमिस आणि बॅटाइल यांनी वनस्पतींतली विकरं शाबूत काढण्यासाठी, आड येणारी फिनॉलं अशा पुडीनं बाजूला करावीत असं मांडलं.

मोजमापात ही पूड रुळवणाऱ्यांत हरिंदर मक्कर यांचं नाव मोठं. जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठात त्यांनी सहकाऱ्यांसह चाऱ्यातल्या टॅनिनवर काम केलं. कृती साधी आहे. अर्काचा एक भाग तसाच निळा करून एकूण फिनॉल मोजायचं. मग 100 मिलिग्रॅम पुडीवर 1 मिलिलिटर पाणी आणि 1 मिलिलिटर अर्क घालून हलवायचं, 4 अंश सेल्सिअसला 15 मिनिटं ठेवायचं, पुन्हा हलवून यंत्रात गरागरा फिरवायचं. टॅनिन पुडीबरोबर तळाशी जातं. वरच्या निवळीत उरलेलं फिनॉल पुन्हा मोजलं की दोन आकड्यांतला फरक म्हणजे टॅनिन. आवळ्याचं क जीवनसत्त्व पुडीला धरत नाही. ते दोन्ही वाचनांत सारखंच येतं आणि वजाबाकीत निघून जातं. थोडी साधी फिनॉलंही पुडीला चिकटतात, एवढी खोट राहते.

उन्हाळ्यात धुऱ्यावरच्या बाभळीच्या शेंगा बकऱ्या आवडीनं खातात. शेंगेत प्रथिन आहे, पण टॅनिन जास्त झालं तर ते त्याच प्रथिनाला बांधून ठेवतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. कोणता पाला किती द्यावा, हे ठरवताना हा आकडा लागतो. मक्कर आणि सहकाऱ्यांनी त्याही पुढे जाऊन, पॉलिइथिलीन ग्लायकोल हे टॅनिनला धरणारं दुसरं बहुवारिक चाऱ्यात मिसळलं तर पचनात काय फरक पडतो, हे तपासलं. टॅनिन बहुवारिकाला चिकटतं आणि प्रथिन जनावराच्या वाट्याला मोकळं राहतं.