अंधारातली ऊब

तीर्थपुरीच्या उसात रात्री पाणी धरणाऱ्याला बॅटरीच्या उजेडापलीकडचे काही दिसत नाही. आता उष्णता टिपणारी दुर्बीण तोही अंधार भेदते आणि चित्र बिनतारी मोबाइलवर धाडते. तिच्या इतिहासाकडे मी वळलो तो एका प्रश्नामुळे: दिसणे म्हणजे ओळखणे का?

१८०० साली विल्यम हर्शेलने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे तापमापक ठेवला. तापमान चढले. हीच अवरक्त किरणांची पहिली ओळख. पुढे लष्करांनी त्यातून रात्री नेम धरण्याची साधने घडवली.

महाराष्ट्रात या दृष्टीची कसोटी २०१८ साली यवतमाळ जिल्ह्यात लागली. पांढरकवडा-राळेगाव परिसरातल्या टी-१ ऊर्फ अवनी वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. वन विभागाने उष्णता टिपणारे ड्रोन, हत्ती, श्वान असे सारे लावले. तरी ती अनेक आठवडे हुलकावणी देत राहिली. २ नोव्हेंबरच्या रात्री, दिवाळीच्या तोंडावर, ती गोळीने मेली. मागे दोन बछडे उरले आणि तिला मारण्याच्या रीतीवरचा वादही.

वाघ ओळखायचा तो पट्ट्यांवरून. उष्णतेच्या चित्रात ते नीट उमटत नाहीत. उरतो नुसता ऊबदार आकार. उसातले रानडुक्कर आणि वाकून बारे देणारा माणूस, दोघेही ऊबदारच. यंत्र अंधार दूर करते. चाप ओढण्याआधी खात्री करण्याचे काम मात्र माणसाकडेच राहते.