पंजदेह प्रकरण व मुंबई इलाखा

पंजदेह प्रकरण व मुंबई इलाखा : रशियन सैन्याने अफगाणिस्तानच्या उत्तर सीमेवरील पंजदेह येथे ३० मार्च १८८५ रोजी अफगाण ठाण्यावर केलेला हल्ला, त्यातून उद्‌भवलेला इंग्लंड-रशिया पेचप्रसंग आणि त्याचे मुंबई इलाख्यावर झालेले परिणाम. हे स्थळ मुरगाब नदीच्या खोऱ्यात असून आज ते तुर्कमेनिस्तानात मोडते.

रशियाला शह देण्यासाठी हिंदी सैन्य वापरण्याची कल्पना तत्पूर्वीची होती. रशिया-तुर्कस्तान युद्धानंतर १८७८ मध्ये डिझरेलीने सु. सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून माल्टा येथे धाडले. पार्लमेंटची संमती न घेता हा हुकूम निघाल्याने विरोधी पक्षाने वादळ उठविले. मात्र ज्यांना जहाजांत चढविण्यात आले, त्यांचे मत कोणी विचारले नाही. रशियाने प्रत्युत्तरादाखल काबूलला शिष्टमंडळ पाठविले व त्यातून दुसरे अफगाण युद्ध पेटले. मैवंदच्या पराभवात (२७ जुलै १८८०) मुंबईच्या पलटणींची भयंकर हानी झाली.

रशियाने १८८४ मध्ये मर्व्ह घेतले व पुढील वर्षी जनरल कोमारॉव्हने पंजदेह येथील अफगाण फौज उधळून लावली. त्या वेळी अमीर अब्दुर रहमान रावळपिंडीस व्हाइसरॉय डफरिनचा पाहुणा होता. शांततावादी म्हणून ख्यातनाम असलेल्या ग्लॅडस्टननेही पार्लमेंटकडे १ कोटी १० लक्ष पौंडांची मागणी केली. तीत सूदानमधील खर्चाचाही अंतर्भाव होता. तथापि जर्मनी व इतर यूरोपीय सत्तांनी काळ्या समुद्राची सामुद्रधुनी बंद ठेवण्याविषयी तुर्कस्तानवर दडपण आणले. त्यामुळे इंग्लंडला रशियावर सागरी मार्गाने आघात करणे दुष्कर झाले. अखेर तडजोड होऊन झुल्फिकार खिंड अफगाणांकडे व पंजदेह रशियाकडे राहिले. १८८७ मध्ये सीमा निश्चित झाली.

युद्ध टळले, पण त्याच्या तयारीचा भार हिंदुस्थानवर पडला. सैन्यात सु. तीस हजारांची वाढ करण्याचे ठरले. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाने ही वाढ अनावश्यक असल्याचा ठराव केला. तो सरकारने मानला नाही.

याहून खोल परिणाम सैन्यभरतीवर झाला. सरसेनापती रॉबर्ट्‌स (कार. १८८५–९३) याच्या मते रशियनांशी लढण्यास उत्तरेकडील जातीच योग्य होत्या. या तथाकथित लढाऊ जातींच्या सिद्धांताला शास्त्रीय आधार नव्हता; कोरेगावपासून मैवंदपर्यंतचा मुंबई सैन्याचा इतिहासही त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. तरीही १८९०–९५ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. कोकणातील अनेक महार कुटुंबांना पलटणीतील नोकरीने पगार, निवृत्तिवेतन आणि मुलांचे शिक्षण मिळवून दिले होते. हा मार्गच खुंटला. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये भरतीसाठी अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी पुन्हा मांडली.

इंग्लंड-रशिया यांच्यात १९०७ मध्ये समेटाचा करार झाला व भीतीचे मूळ कारण उरले नाही. भरतीबंदी मात्र चालूच राहिली. पहिल्या महायुद्धात मनुष्यबळ कमी पडू लागल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारण्यात आली व युद्धोत्तर काटकसरीत १९२१ मध्ये ती मोडण्यात आली.